गूढकथेतील अपराधी आणि आपण

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी चर्चच्या आवारात आमची वाट पाहत उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले एक पुस्तक. इकडेतिकडे पाहून त्यांनी कागद उलगडला, तेव्हा आतून रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांचा संग्रह निघाला. अकरावीतला मुलगा वाचनालयातून आणतो, रात्री बारा-बारापर्यंत वाचतो, आणि मग दिवा लावूनच झोपतो, असे त्या म्हणाल्या. ‘‘सर, खून, वेड, सूड, याशिवाय ह्यात दुसरे काही नाही. रोजरी म्हणायला बसवले तर पाच मिनिटांत चुळबुळ करतो आणि हे मात्र एका बैठकीत संपवतो. हे वाचू द्यावे की नाही, तेवढे सांगा.’’

आम्ही त्यांच्याकडून पंधरा दिवसांची मुदत आणि ते पुस्तक, दोन्ही मागून घेतले. मुदत उलटून आता महिने झाले आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘द्यावे’ किंवा ‘देऊ नये’ अशा एका शब्दात देता येईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

येथे आमचीही एक कबुली देऊन ठेवणे बरे. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाआड बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक धरून वाचण्याचे पातक आम्ही लहानपणी अनेकदा केलेले आहे. १९९६ साली दिवंगत झालेल्या अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे त्या काळी घराघरांत ठाऊक होती. समीक्षकांनी त्यांना दारात उभे केले नाही. तथापि महाराष्ट्रातील कित्येकांना अक्षरांची गोडी त्यांनीच लावली. तेव्हा या विषयावर आम्ही निर्विकारपणे बोलू शकू, असा दावा नाही.

प्रथम थोडी वर्गवारी केली पाहिजे, कारण आपल्याकडे पालकमंडळी या सर्वच लेखनाला ‘भुताखेताची पुस्तके’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधतात. अर्नाळकरांच्या रहस्यकथेत प्रश्न असतो तो गुन्हा कोणी केला, हा. उत्तर सापडले की मन मोकळे होते. नारायण धारपांच्या भयकथेत प्रश्न वेगळा असतो. घराबाहेर, वेशीबाहेर, या जगाबाहेर काही अमंगळ टपून बसले आहे, ते आत येईल काय? धारपांचा समर्थ त्या अमंगळाशी झुंज देतो. कथा कितीही काळीकुट्ट असली, तरी दुष्टता आणि आपण यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. मतकरींनी गूढकथा म्हणून जो प्रकार मराठीत रुजवला, त्याच्या उत्तम नमुन्यांत मात्र हा उंबरठाच नाहीसा होतो. दार आतून बंद असते आणि जे अमंगळ आहे ते घरातच, बहुधा कथा सांगणाऱ्याच्याच मनात असते. इंग्रजीत ज्याला सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतात, त्याचे आपल्या भाषेतील सर्वांत जवळचे नातलग हेच. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘नवल’ या मासिकांनी, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी या लेखनाला वाट करून दिली. आज मुले ते मोबाइलवर कानाला लावूनही ऐकतात. माध्यम बदलले, ओढ तीच.

ही ओढ कसली, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

सामान्यतः असे उत्तर दिले जाते, की माणसाला सुरक्षित जागी बसून घाबरायला आवडते. ते खोटे नाही. सोलापूरकरांना त्याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर ‘मौत का कुआँ’च्या भोवती फळ्यांवर उभे राहून माणसे खाली वाकून पाहतात. मोटारसायकल उभ्या भिंतीवर गरगर फिरते, फळ्या थरथरतात, बायका तोंडावर पदर धरतात आणि बोटांच्या फटीतून पाहतात. त्या बोटांच्या फटीतच या साऱ्या साहित्याची मेख आहे. डोळे झाकायचे आहेत आणि पाहायचेही आहे.

पवित्र ख्रिस्तसभेच्या एका थोर आचार्यांनी हे सोळाशे वर्षांपूर्वी पाहून ठेवले आहे. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या त्याच्या मित्राची हकीकत येते. अलिपियस कायदा शिकण्यासाठी रोमला गेला. तेथील मल्लांच्या रक्तरंजित झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी बळजबरीने त्याला प्रेक्षागारात ओढून नेले, तेव्हा त्याने निश्चय केला की शरीर येथे असले तरी मन येथे असणार नाही, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. एका झुंजीच्या वेळी प्रचंड गलका झाला. कान मात्र मिटलेले नव्हते. कुतूहल अनावर होऊन त्याने डोळे उघडले, आणि रक्त पाहताक्षणी तो त्या क्रौर्यात बुडून गेला. पुढे तो स्वतःहून जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. आमच्या भगिनींच्या मनात नेमकी हीच धास्ती आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. सवय लागते, संवेदना बोथट होते, काल ज्याने अंगावर काटा आला त्याने आज येत नाही, म्हणून उद्या अधिक तिखट लागते. सोलापूरच्या शेंगाचटणीची जीभ इतरांना का परवडत नाही, हे आपण जाणतोच.

मात्र अलिपियसची गोष्ट वाचताना एक बारीकसा भेद सुटून जाता कामा नये. त्याने जे पाहिले ते बाहेर घडत होते. मरणारा दुसराच कोणी होता, मारणाराही दुसराच. ऑगस्टीनने मात्र ती हकीकत लिहिली ती अलिपियसच्या मनात शिरून. निश्चय कोठे तडकला, अहंकार कोठे आडवा आला, पापणी कोणत्या क्षणी हलली, याचा शोध त्याने घेतला. रक्ताचे वर्णन त्यात जवळजवळ नाही. आमच्या मते मानसिक थरारकथेचा पहिला उत्तम नमुना हाच म्हणावा, आणि तो एका बिशपने लिहिला आहे. झुंज पाहणे निराळे आणि झुंज पाहणाऱ्याचे मन पाहणे निराळे. वाईट थरारकथा आपल्याला पहिल्या बाकावर बसवते, चांगली दुसऱ्या. वाचकाला हे बाक प्रथमदर्शनी सारखेच दिसतात, हीच अडचण आहे.

आता लघुत्वाविषयी. ही कथा छोटी का असावी लागते? एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण लिहिताना याचे उत्तर देऊन ठेवले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, मध्ये जगाचा व्यत्यय येऊ नये, आणि तिच्यातील प्रत्येक वाक्याने एकाच परिणामाकडे पाऊल टाकावे. दुसऱ्याच वर्षी त्याने ‘द टेल-टेल हार्ट’ लिहून हे सिद्ध केले. मूळ इंग्रजीत ही कथा दोन-सव्वादोन हजार शब्दांची आहे. आमचा हा लेखही तेवढी जागा अडवणार आहे आणि त्यात कोणाचाही खून होणार नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. एक माणूस एका वृद्धाला मारतो. द्वेष नाही, लोभ नाही. त्या म्हाताऱ्याचा एक डोळा त्याला सहन होत नाही, इतकेच. प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली पुरतो. पोलीस येतात, तो त्यांना खुर्च्या देतो, स्वतःची खुर्ची नेमकी त्याच फळ्यांवर ठेवतो. आणि मग त्याला खालून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात. पोलिसांना काहीच ऐकू येत नाही. शेवटी तोच ओरडून सारे सांगून टाकतो.

दीर्घ कादंबरीत वाचकाला उसंत मिळते. तो पुस्तक मिटतो, चहा पितो, पात्राविषयी मत बनवतो, त्याला दोषी ठरवून स्वतः अलिप्त होतो. छोट्या कथेत ही सवड नसते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री सोलापूरला वाचायला घेतली तर कुर्डुवाडी यायच्या आत ती संपते, आणि तेवढा वेळ आपण त्या एकाच आवाजाबरोबर एकाच डब्यात कोंडलेले असतो. तो सांगतो तेवढेच आपल्याला कळते. त्याने प्रेत लपवले की ते सापडू नये असे आपल्यालाही वाटू लागते! वाचकाने हे एकदा स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहावे. पोलीस घरात आल्यावर आपला जीव कोणासाठी वरखाली होतो? मेलेल्या म्हाताऱ्यासाठी खचित नव्हे. या प्रकारच्या लेखनातील मोहिनी आणि धोका, दोन्ही येथेच आहेत. चार पानांत आपण अपराध्याच्या बाजूचे होऊन जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट कॅथोलिक वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. पोची ही कथा म्हणजे रूपाने एक पापकबुली आहे. १८४६ सालच्या ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ या कथेतही सूड घेणारा मॉन्ट्रेसॉर अर्ध्या शतकानंतर आपले कृत्य कोणाला तरी सांगत असतो. ऐकणारा कोण, हे कथा सांगत नाही. मृत्युशय्येवरील माणूस धर्मगुरूपाशी बोलतो आहे, असा अर्थ काही अभ्यासकांनी लावला आहे, आणि आम्हांला तो पटतो. परंतु ही कबुली लंगडी आहे. तीत तपशील आहेत, चातुर्याचा अभिमान आहे, पश्चात्ताप नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आपण गुडघे टेकतो तेव्हा सांगणे हा त्या संस्काराचा एक भाग असतो. पश्चात्ताप, पापमुक्तीचे शब्द आणि भरपाईचा निश्चय हे पुढे असते. या कथांत माणूस सांगतो, पण त्याला मोकळे करणारे कोणी समोर नसते. ठोके ऐकू येतात, क्षमा ऐकू येत नाही. कथा संपल्यावर अकरावीतल्या मुलाला दिवा विझवता येत नाही, त्याचे कारण भूत हे नसून हे असावे, असा आमचा तर्क आहे.

याच्या नेमक्या उलट्या दिशेने निघालेला लेखक म्हणजे गिल्बर्ट कीथ चेस्टरटन. त्याच्या फादर ब्राऊनचा जन्म कसा झाला ती कथा त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. यॉर्कशायरच्या माळरानावर फादर जॉन ओ’कॉनर यांच्यासोबत फिरताना गुन्हेगारीविषयी काही बोलणे निघाले आणि त्या शांत, गोलमटोल धर्मगुरूंना मानवी दुष्टतेची किती सखोल माहिती आहे, हे पाहून चेस्टरटन हादरला. नंतर मुक्कामाच्या घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या या बिचाऱ्या पाद्र्यांना जगातील खऱ्या पापाची काय कल्पना, अशा थाटात ते बोलले, तेव्हा चेस्टरटनला हसू आवरेना. दर शनिवारी जाळीआड बसून माणसांची पापे ऐकणाऱ्याला पाप ठाऊक नसेल तर कोणाला असेल! यातून १९११ साली फादर ब्राऊनच्या कथांचा पहिला संग्रह निघाला. पुढे १९२२ साली चेस्टरटनला ख्रिस्तसभेत घेणारे तेच फादर ओ’कॉनर होते.

१९२७ सालच्या ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन’ या संग्रहाच्या आरंभी हा धर्मगुरू आपली युक्ती उघड करतो. ती ऐकून समोरचा पाहुणा चमकतो. फादर ब्राऊन सांगतो, की ते सारे खून त्याने स्वतःच केले. म्हणजे कृतीने नव्हे. परंतु खुनी माणसाच्या मनात शिरून, त्याच्यासारखाच विचार करत करत, फक्त शेवटची संमती तेवढी न देता, तो त्या टोकापर्यंत जाऊन पोहोचतो. गुन्हेगाराला कीटकासारखे भिंगाखाली धरणाऱ्या शास्त्राला त्याचा विरोध आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ‘मी असे कधीच करणार नाही’ असे म्हणणारा माणूस गुन्हा ओळखू शकत नाही, आणि बहुधा स्वतःलाही ओळखत नाही. मराठी समीक्षेत ‘परकायाप्रवेश’ हा शब्द आपण नटासाठी वापरतो. येथे तो एका धर्मगुरूच्या आत्मपरीक्षणासाठी वापरावा लागतो.

अर्थात चेस्टरटन दर वेळी या उंचीवर राहत नाही. त्याच्या पुष्कळ कथा नुसत्या चलाखीच्या आहेत, काहींत परकीयांविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह डोळ्यांत खुपतात. त्याचे गोडवे गाताना आपली मंडळी हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगून टाकतो.

बायबलकडे वळले तर ही युक्ती फार जुनी असल्याचे दिसते. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाची गोष्ट अवघ्या सोळा वचनांत संपते. खुनाला त्यात एक वचनही पुरते मिळत नाही. उतरलेला चेहरा, दाराशी दबा धरून बसलेले पाप आणि खुनानंतरची ती टोलवाटोलवी यांना मात्र भरपूर जागा मिळते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाची गोष्ट तर रचनेच्या दृष्टीने आजच्या कोणत्याही गूढकथाकाराने अभ्यासावी अशी आहे. दावीद राजाने उरीयाला लढाईत पुढे पाठवून मरू दिले आहे, बथशेबाला घरात आणले आहे, सारे कसे झाकपाक झाले आहे. नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एक लहानशी गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून पाहुण्याला रांधून घातली. राजा संतापतो, तो माणूस मरणास पात्र आहे असे बोलून जातो. आणि तेव्हा संदेष्टा सांगतो, की तो माणूस दुसरा कोणी नसून राजा स्वतःच होय.

गोष्ट छोटी असावी लागते, कारण मोठी असती तर दाविदाला संशय आला असता. शेवटी कलाटणी असावी लागते, कारण राजाने दुसऱ्याला शिक्षा ठोठावल्यावाचून तो स्वतःला ओळखणार नव्हता. ज्या दोन गोष्टींबद्दल आपण थरारकथेला ‘हलके’ वाङ्मय म्हणतो, तीच नाथानाची हत्यारे आहेत. कलाटणी ही नुसती गंमत नव्हे. ती वाचकाचा अंगुलिनिर्देश वाचकाकडेच वळवते.

विसाव्या शतकात हे काम सर्वांत निर्दयपणे केले ते स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिश ड्युरेनमाट याने, १९५६ सालच्या ‘दी पाने’ या दीर्घकथेत. तिचा नायक ट्राप्स हा कापडाच्या धंद्यातला फिरता विक्रेता आहे. गिरण्यांच्या आणि चादरींच्या आपल्या सोलापुराला हा माणूस अगदी ओळखीचा वाटावा. मोटार बिघडते म्हणून तो एका खेड्यात एका वृद्धाकडे मुक्काम करतो. यजमान निवृत्त न्यायाधीश. त्याचे मित्र निवृत्त सरकारी वकील, निवृत्त बचावाचा वकील आणि एक माजी फाशी देणारा. जेवणाच्या टेबलावर ते आपल्या जुन्या व्यवसायाचा खेळ खेळतात आणि पाहुण्याने आरोपी व्हायचे असते. ट्राप्स हसत हसत होतो. आपण तर काहीच गुन्हा केलेला नाही! मद्याचे पेले रिते होत जातात, गप्पा रंगतात, आणि हळूहळू बाहेर येते की त्याच्या वरिष्ठाच्या मृत्यूला तो कारण झाला आहे. हाताने नव्हे. वरिष्ठाचे हृदय दुबळे होते, त्याच्या पत्नीशी ट्राप्सचे संबंध होते, आणि ते त्याच्या कानांवर जातील अशी व्यवस्था ट्राप्सने केली होती. कायद्याच्या पुस्तकात याला कलम नाही. खेळातला न्यायाधीश त्याला मृत्युदंड सांगतो. ट्राप्सला त्यात अपमान वाटत नाही, उलट आयुष्याला प्रथमच काही वजन आल्यासारखे वाटते. कथेत तो त्याच रात्री गळफास घेतो. ड्युरेनमाटने याच विषयाच्या रेडिओनाटिकेत मात्र त्याला सकाळी शुद्धीवर आणून, सारे विसरून, मोटारीतून पुढच्या धंद्याला धाडले आहे. कोणता शेवट अधिक भयानक, यावर आम्ही घरात वाद घातला आहे. आमचे मत दुसऱ्या शेवटाकडे झुकते.

खेळातला खटला खरा होत जाणे म्हटले की मराठी वाचकाला १९६७ साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवणारच. ते नाटक आहे, कथा नव्हे. तरीही येथे एक फरक बोलून दाखवावासा वाटतो. ड्युरेनमाटच्या खेळात आरोपीला स्वतःचा अपराध सापडतो. तेंडुलकरांच्या खेळात बेणारेबाईंना कोंडीत पकडणारेच अपराधी ठरतात, आणि त्यांना ते कळत नाही. प्रेक्षागारात बसलेल्या कुटुंबवत्सल मंडळींना कळावे, ही अपेक्षा. आम्ही आपल्या समाजात पाहिले आहे की एखाद्या अविवाहित भगिनीविषयी चर्चच्या पायऱ्यांवर जे कुजबुजले जाते, त्याला कोर्टाची गरजसुद्धा लागत नाही.

एवढे कौतुक झाल्यावर आता तक्रार. आणि ती मोठी आहे.

या प्रकारातील दहांपैकी सात-आठ कथा, मराठी असोत की इंग्रजी, आपले रहस्य एकाच किल्लीने उघडतात. शेवटच्या परिच्छेदात कळते, की सांगणारा वेडा होता. कधी दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, कधी इस्पितळातून पळालेला रुग्ण, कधी बालपणी डोक्यावर झालेला परिणाम. लेखकाची सुटका होते आणि वाचकाचीही. तो वेडा होता, आपण नाही. चला, झोपायला मोकळे! ज्या कथेने आपल्याला दाविदाच्या जागी उभे करायचे, तीच ऐन क्षणी आपल्याला पळवाट काढून देते. वाङ्मयीन दृष्टीने ही लबाडी आहे.

परंतु याहून गंभीर दोष दुसराच आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत मनाने आजारी असलेले एखादे माणूस आहे. कोणाचा भाऊ, कोणाची थोरली मुलगी. घरची मंडळी त्याला मिस्सेला आणतात ते मागच्या बाकावर, शेजारी दोन जागा आपोआप रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागा कोणी शिकवल्या? थोड्याबहुत या कथांनीही शिकवल्या आहेत. मनोरुग्ण म्हणजे संभाव्य खुनी, हे समीकरण चित्रपटांनी आणि छोट्या थरारकथांनी इतके घासून पक्के केले आहे की ते खोटे आहे, हे कोणाला सांगावे लागते. वस्तुतः असा आजारी माणूस इतरांना इजा करण्यापेक्षा इतरांकडून इजा सोसण्याचाच संभव अधिक असतो. सोलापुरात शिकलेले अतुल कुलकर्णी यांनी २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटात स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषची भूमिका केली. त्यात खून नाही, कलाटणी नाही, आणि तरीही शेषच्या डोक्यात चाललेला गोंगाट पाहताना आमच्या हातांना घाम सुटला होता. भीती आजारी माणसाची वाटत नाही, त्याच्यासाठी वाटते. हा एवढा फरक ज्या लेखकाला साधला, त्याचे पुस्तक मुलाच्या हाती देण्यास आमची हरकत नाही. आणि ज्याला साधला नाही, त्याचे पुस्तक कितीही खिळवून ठेवणारे असले, तरी ते त्या मागच्या बाकावरच्या माणसाच्या विरोधात लिहिलेले आहे, असे आम्ही समजतो.

ख्रिस्तसभेचे या बाबतीत काय म्हणणे आहे, असा प्रश्न आमच्या भगिनींनी आडून विचारलाच होता. निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ साली बंधनकारक राहिली नाही, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. त्याआधीच, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांविषयीच्या आदेशात म्हटले, की नैतिक दुष्टतेचे चित्रण हे मानवाला अधिक खोलवर ओळखण्याचे साधन होऊ शकते. मात्र ते वासना चाळवणारे नसावे, नैतिक मर्यादा सांभाळणारे असावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी एक पत्रच लिहिले. आधी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते योजले होते, मग त्यांनी ते सर्वच श्रद्धावंतांसाठी केले. तरुणपणी अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत ते साहित्य शिकवत, त्या अनुभवाची सावली त्या पत्रावर आहे. दुसऱ्याच्या आवाजाला कान देणे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. तो दुसरा नेहमीच सज्जन असेल, अशी अट त्यांनी घातलेली नाही.

आता पुन्हा मतकरी. १९३८ साली जन्मलेला आणि मे २०२० मध्ये आपल्यातून गेलेला हा लेखक गूढकथाकार म्हणून जितका वाचला गेला, तितका नीतिमान लेखक म्हणून ओळखला गेला नाही, ही आमची जुनी खंत आहे. बालरंगभूमीसाठी त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे दिली; मुलांना घाबरवणारा आणि मुलांना रंगमंचावर खेळवणारा माणूस एकच होता. त्यांच्या ‘इन्व्हेस्टमेंट’ या कथेवर त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१३ साली आला आणि त्याला मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महत्त्वाकांक्षी, सुशिक्षित जोडपे, एकुलता मुलगा. त्या शाळकरी मुलाच्या हातून एका मुलीचा जीव जातो. यापुढे जे घडते त्यात भूत नाही, वेड नाही, काळोखी रात्रसुद्धा नाही. लख्ख उजेडातल्या दिवाणखान्यात आईबाप बसून ठरवतात, की मुलाला वाचवायचे. त्याच्या शिक्षणात, भविष्यात इतके गुंतवले आहे. ते बुडू कसे द्यायचे? शीर्षकाचा अर्थ तेथे उलगडतो आणि अंगावर काटा येतो. कारण त्या आईबापांचे एकेक वाक्य आपण स्वतः कधी ना कधी उच्चारलेले असते. मुलाने परीक्षेत कॉपी केली तेव्हा. त्याने कोणाच्या स्कूटरला धडक दिली तेव्हा. ‘लहान आहे, चुकला, त्याचे आयुष्य कशाला बरबाद करायचे?’

येथे मुलगा बिघडला तो काय वाचून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो घरात काय पाहून मोठा झाला, हा प्रश्न कथा विचारते.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही त्या भगिनींना गाठले. पुस्तक परत दिले, आणि ‘इन्व्हेस्टमेंट’चे कथानक वर सांगितले त्याहून थोडे अधिक विस्ताराने सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे आधी मी वाचायला पाहिजे.’’ मुलाला द्यावे की नाही, हा विषय त्या दिवशी तेथेच राहिला. निघताना त्यांनी फादर ब्राऊनचे काही आहे का, म्हणून विचारले. आमच्याजवळची प्रत फार जुनी, वडिलांच्या वेळची. वाळवीने तिच्यातील शेवटच्या कथेची चार पाने खाल्ली आहेत, हे आम्ही त्यांना आधीच सांगून टाकले. त्यांनी तरीही नेली. गेल्या रविवारी मिस्सा सुरू होण्यापूर्वी मुलगा आमच्या बाकाशी आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, की सर, त्या शेवटच्या गोष्टीत कोण होता?